निरोपाची साखळी

पाठाविषयी थोडेसे



गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात. पाण्याने भरलेली बादली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात शेवटी आगीपर्यंत पोहोचते. रांगेतील एखादा माणूस बाजूला झाला, तर शेजारचे दोघे हात लांबवून ती उणीव भरून काढतात. मात्र सलग तिघे-चौघे दूर झाले, तर बादली तेथेच अडते. मागे विहीर भरलेली असते आणि पुढे घर जळत असते. पण त्यांच्यातील साखळी तुटलेली असते.

प्रस्तुत पाठात आपण अशाच एका साखळीचा परिचय करून घेणार आहोत. या साखळीतून बादली नव्हे, तर निरोप पुढे जातो. आणि तो नेणारे हात म्हणजे रस्त्यावरून धावणारी वाहने. हा निरोप किती दूर जाईल, हे रस्त्यावर न जाता, कागद आणि फासा यांच्या साह्याने आधीच कसे अजमावता येते, हे आपण पाहू. त्याच ओघात ‘प्रतिमान’ या शब्दाचा अर्थही समजून घेऊ.

१. सरोजिनी नगरची पहाट

लखनौ शहराच्या नैऋत्येस, कानपूरकडे जाणाऱ्या मार्गावर सरोजिनी नगर वसले आहे. शहराचा विमानतळही याच बाजूला अमौसी येथे आहे. कानपूर-लखनौ मार्ग हा पोरबंदरपासून सिल्चरपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग २७ चा एक भाग होय. वाहनांशी या परिसराचे नाते जुने आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीचा कारखाना येथेच होता. ‘विक्रम’ नावाची तिचाकी वाहने तेथे तयार होत. २०२१ मध्ये ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. कारखाना थांबला तरी रस्ता मात्र थांबलेला नाही. मालाचे ट्रक, बसगाड्या, मोटारी, तिचाकी, दुचाकी आणि सायकली अशी सर्व तऱ्हेची रहदारी या मार्गावर चालते.

डिसेंबर आणि जानेवारी महिन्यांत गंगेच्या मैदानावर धुके उतरते. दृश्यमानता, म्हणजे डोळ्यांना दिसू शकणारे अंतर, २०० मीटरपेक्षा कमी झाले की हवामानशास्त्र विभाग त्याला दाट धुके म्हणतो. ५० मीटरच्याही खाली गेले की ते अतिदाट धुके ठरते.

अशा एका पहाटेची कल्पना करा. रस्त्यावर एक ट्रक बंद पडला आहे. मागून एक मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने येत आहे. या वेगाने ती दर सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. समोर अडथळा आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद गेले, असे धरू. तेवढ्यात मोटार ५५ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर ती पूर्ण थांबण्यासाठी आणखी सुमारे ७० मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर झाले सुमारे १२५ मीटर. आणि चालकाला दिसते आहे केवळ ५० मीटर! ज्या क्षणी ट्रक दिसतो, त्या क्षणी अपघात टाळण्याची वेळ निघून गेलेली असते. इतक्याच अंतरात थांबायचे, तर मोटारीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपासच असावा लागेल.

त्या चालकाला हवा आहे तो निरोप. ‘पुढे ट्रक उभा आहे’ हे चार शब्द त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचले, तर काही जीव वाचतील.

२. चालकांचे जुने निरोप

रस्त्यावरचे लोक एकमेकांना निरोप देतच आले आहेत. ट्रक बंद पडला की त्याचा सहायक मागे काही अंतरावर दगड मांडतो, झाडाची फांदी ठेवतो. ही फांदी म्हणजे एका जागी उभा असलेला निरोप. समोरून येणारा चालक दिव्यांची उघडझाप करतो, तेव्हा पुढे काही अडचण आहे, हे जाणकार ओळखतो. हा चालता निरोप होय.

या दोन्ही पद्धती शहाणपणाच्या आहेत. परंतु दोन्ही डोळ्यांवर अवलंबून आहेत. जेथे ट्रक दिसत नाही, तेथे फांदी कशी दिसणार? बिनतारी लहरींना मात्र धुक्याचा असा अडसर होत नाही. आकाशवाणीचा कार्यक्रम धुक्याच्या दिवशीही ऐकू येतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

याच लहरींच्या आधारे वाहनांनी परस्परांना निरोप द्यावेत, अशी योजना जगातील काही देशांनी आखली. अमेरिकेने १९९९ साली ५.९ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा लहरींचा एक पट्टा या कामासाठी राखून ठेवला. पुढे २०२० मध्ये त्यातील मोठा भाग अन्य उपयोगासाठी देण्याचे ठरले. तरी उरलेला पट्टा वाहनांसाठीच ठेवण्यात आला. या योजनेत प्रत्येक वाहनात एक छोटे यंत्र असते. आपण कोठे आहोत, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने जात आहोत, ब्रेक दाबला आहे का, ही माहिती ते सेकंदाला दहा वेळा आसपास कळवू शकते. मोकळ्या जागी हा आवाज काही शे मीटरपर्यंत ‘ऐकू’ जातो. त्यापलीकडे निरोप जायचा असेल, तर ऐकणाऱ्या वाहनाने तो पुढच्याला सांगायला हवा. येथेच आपल्या बादलीच्या रांगेची आठवण होते.

येथे एखादा विचारील, की मोटारीला थांबायला १२५ मीटर पुरतात, तर २०० मीटर पल्ल्याचा एकच निरोप पुरेसा नाही काय? हिशेब केला तर चालकाच्या हाती केवळ ७५ मीटर, म्हणजे साडेतीन सेकंदांहूनही कमी वेळ उरतो. शिवाय त्याने जोराने ब्रेक दाबला, तर त्याच्या मागचे वाहन त्याच्यावर आदळण्याची भीती असते. निरोप एक-दोन किलोमीटर आधी मिळाला, तर सारी रांगच हळूहळू सावकाश होते. म्हणून साखळी हवी.

३. प्रतिमान म्हणजे काय?

पण ही साखळी किती लांब जाईल? हे तपासण्यासाठी शेकडो वाहने धुक्यात सोडणे शक्य नाही आणि योग्यही नाही. अशा वेळी अभ्यासक प्रतिमान तयार करतात.

प्रतिमान म्हणजे वस्तुस्थितीचे जाणूनबुजून सोपे केलेले रूप. गावाचा नकाशा हे गावाचे प्रतिमानच आहे. नकाशात घरांचे रंग नसतात, माणसांचे आवाज नसतात. तरीही दवाखान्याची वाट त्यावरून सापडते. नकाशा काय दाखवतो याइतकेच तो काय गाळतो, हेही महत्त्वाचे असते. चांगल्या प्रतिमानाची हीच ओळख आहे: त्याने काय गाळले, हे ते लपवत नाही.

चला, आपणही एक प्रतिमान तयार करू. कागदावर एक लांब पट्टी आखा आणि तिचे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोन म्हणजे रस्त्याचे ५० मीटर. पहिल्या चौकोनात बंद पडलेला ट्रक आहे. निरोपाचा पल्ला २०० मीटर, म्हणजे चार चौकोन मानू. आता ट्रकच्या मागच्या प्रत्येक चौकोनासाठी एकेकदा फासा टाका. १, २ किंवा ३ पडले तर त्या चौकोनात वाहन आहे; ४, ५ किंवा ६ पडले तर तो रिकामा आहे.

निरोप ट्रकपासून निघतो. पुढच्या चार चौकोनांत एखादे वाहन असेल, तर ते निरोप ऐकते आणि पुन्हा त्याच्यापुढील चार चौकोनांपर्यंत पोहोचवते. सलग चार चौकोन रिकामे निघाले की साखळी तुटते आणि डाव संपतो. एक चौकोन रिकामा निघण्याची शक्यता निम्मी आहे. चार चौकोन सलग रिकामे निघण्याची शक्यता ही १/२ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे १/१६ होय. याचा अर्थ, सरासरीने सोळांपैकी पंधरा वेळा निरोप पुढच्या वाहनाकडे जातो आणि एकदा अडतो.

आपली प्रगती तपासा

(अ) नकाशाला प्रतिमान का म्हटले आहे?
(आ) वरील खेळात साखळी केव्हा तुटते?

४. फासा काय सांगतो?

हा डाव शेकडो वेळा खेळून निरोप पोहोचलेल्या अंतराची सरासरी काढली, तर ती सुमारे १३०० मीटर येते. आता वाहनांची दाटी बदलून पाहू.

केवळ १ पडल्यासच वाहन आहे असे मानले, तर रस्ता विरळ होतो. या डावात निरोप सरासरीने जेमतेम १२० मीटर जातो. १ किंवा २ पडल्यास वाहन मानले, तर तो सुमारे ४१० मीटर जातो. १ ते ३ धरल्यास १३०० मीटर हे आपण पाहिलेच. आणि १ ते ४ पर्यंत काहीही पडल्यास वाहन मानले, तर हे अंतर सुमारे ५८०० मीटरपर्यंत वाढते!

पहिल्या आणि शेवटच्या डावांची तुलना करा. वाहने चौपट झाली. पण निरोपाची मजल चौपट झाली नाही, ती ४७ पटींहून अधिक झाली. साखळीचा हा विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तिची लांबी कड्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. कडी वाढली की अंतर थोडे वाढते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे साखळी तुटण्याची संधी झपाट्याने कमी होते.

हेच आकडे उलट्या दिशेने वाचले, तर अधिक गंभीर गोष्ट समोर येते. शेवटच्या डावातील दाट रस्ता घ्या. त्यावरील सर्व वाहनांत निरोपाचे यंत्र असेल, तर निरोप ५८०० मीटर जातो. समजा, निम्म्याच वाहनांत यंत्र आहे. यंत्र नसलेले वाहन निरोप ऐकत नाही आणि सांगतही नाही. निरोपाच्या दृष्टीने तो चौकोन रिकामाच असतो. म्हणजे आपण दुसऱ्या डावात येऊन पोहोचलो आणि अंतर झाले ४१० मीटर. यंत्रे निम्मी झाली. पण उपयोग निम्मा उरला नाही, तो जवळजवळ चौदाव्या हिश्श्यावर आला.

५. मुंबईच्या आकड्यांवर तपासलेले एक प्रतिमान

एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या गोष्टीचे गणित मांडण्याची कल्पना नवी नाही. तिचा एक महत्त्वाचा धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढील काही वर्षे ती वारंवार उसळत राहिली. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन अभ्यासकांनी साथींच्या प्रसाराचे एक गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. मॅकेंड्रिक यांनी पूर्वी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा केली होती. आपले प्रतिमान पडताळण्यासाठी या दोघांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचे साप्ताहिक आकडे वापरले.

त्यांनी लोकांचे तीन गट कल्पिले: रोग होऊ शकतो असे, रोग झालेले आणि रोगातून मोकळे झालेले किंवा दगावलेले. निरोपालाही हीच विभागणी लावता येते. काही वाहनांनी निरोप ऐकलेला नसतो, काही तो ऐकून सांगत असतात आणि काही सांगून गप्प झालेली असतात. लोकवस्तीची दाटी एका मर्यादेपेक्षा कमी असेल, तर साथ पसरू शकत नाही, असा त्यांच्या प्रतिमानाचा निष्कर्ष होता. दाटीचे हे महत्त्व आपल्या फाशाच्या खेळातही दिसले. फरक इतकाच, की साथीच्या बाबतीत साखळी तुटावी अशी आपली इच्छा असते, तर निरोपाच्या बाबतीत ती टिकावी अशी.

मात्र येथे सावध राहावे लागते. त्यांच्या प्रतिमानात कोणाचाही संपर्क कोणाशीही येऊ शकतो, असे गृहीत होते. रस्त्यावर तसे नसते. तेथे वाहने एका रेषेत असतात आणि निरोपाला शेजाऱ्याला ओलांडून फार दूर उडी मारता येत नाही. शिवाय प्लेगचा प्रसार मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे होतो. माणसांचेच तीन गट करून काढलेली रेषा मुंबईच्या आकड्यांशी बरीच जुळली. पण रेषा जुळली म्हणून रोगाचे कारण सापडले, असे होत नाही. आकडे जुळणे आणि कारण समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६. प्रतिमानाने गाळलेले वास्तव

आपल्या प्रतिमानालाही हीच कसोटी लावू. त्यात काय काय गाळले गेले?

पहिली गोष्ट म्हणजे अडथळे. दोन मोटारींच्या मध्ये उंच ट्रक आला की लहरींचा जोर घटतो. पल्ला चारऐवजी दोनच चौकोन उरला असे मानले, तर तिसऱ्या डावातील १३०० मीटरचे अंतर अवघ्या २०० मीटरवर येते. मैदानी रस्त्यावर ही अडचण ट्रकची, तर आपल्याकडे ती डोंगराची. २००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात वळणे आहेत, बोगदे आहेत. तेथे सरळ पट्टीचे प्रतिमान जसेच्या तसे चालणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वाहनांची चाल. फासा प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे भरतो. प्रत्यक्षात एखाद्या संथ ट्रकमागे वाहनांचा तांडा जमतो आणि त्यांच्यामागे लांबवर रस्ता मोकळा राहतो. अशा हालचालीसाठी १९९२ साली नागेल आणि श्रेकेनबर्ग या अभ्यासकांनी एक सुटसुटीत प्रतिमान मांडले. त्यात रस्त्याचे साडेसात मीटरचे चौकोन असतात आणि प्रत्येक वाहन चार नियम पाळते: शक्य असल्यास वेग वाढवा; समोर वाहन असल्यास तो कमी करा; अधूनमधून विनाकारण थोडे मंदावा; आणि मग पुढे सरका. तिसरा नियम विचित्र वाटेल. पण माणसाची चूक आणि चंचलता त्यातूनच प्रतिमानात येते. संगणकावर हे नियम पुन्हापुन्हा चालवले, की कोणताही अपघात नसतानाही वाहतुकीचा खोळंबा कसा निर्माण होतो, हे दिसते.

तिसरी गोष्ट म्हणजे गोंगाट. वर्गात सर्वांनी एकदम उत्तर दिले तर कोणाचेच ऐकू येत नाही. वाहनांचेही तसेच आहे. दाट रहदारीत प्रत्येकाने निरोप पुन्हा उच्चारला, तर लहरी एकमेकींत मिसळून निरोपच हरवतो. यावर एक सुंदर उपाय सुचवला गेला आहे. निरोप ऐकणाऱ्यांपैकी जो सर्वांत दूर आहे, त्याने आधी बोलावे. त्याचा आवाज ऐकताच मधल्यांनी गप्प राहावे. साखळीत केव्हा बोलावे याइतकेच केव्हा थांबावे, यालाही मोल आहे.

७. तुटलेली साखळी सांधताना

साखळी तुटली म्हणजे निरोप मेला, असे नाही. ऐकलेला निरोप वाहन जपून ठेवू शकते आणि दुसरे वाहन पल्ल्यात येताच त्याला देऊ शकते. या कामी समोरून येणारी वाहने विशेष उपयोगी पडतात.

समजा, बंद ट्रक आणि मागून येणारी बस यांच्यात ८०० मीटर अंतर आहे व मधे कोणीही नाही. बस ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे. तेवढ्याच वेगाने विरुद्ध दिशेने जाणारी एक मोटार ट्रकच्या शेजारून जाताना निरोप घेते. मोटार आणि बस परस्परांकडे सेकंदाला सुमारे ३३ मीटर वेगाने सरकत असल्याने १८ सेकंदांत त्या एकमेकींच्या पल्ल्यात येतात. त्या वेळी बस ट्रकपासून ५०० मीटरवर असते. ही मोटार नसती, तर बसला निरोप मिळायला ट्रकपासून २०० मीटरवर यावे लागले असते. दिव्यांची उघडझाप करणाऱ्या चालकाचेच हे काम आहे. फक्त ते आता धुक्यातही होते. रस्त्याकडेला ठरावीक अंतरावर निरोपाची यंत्रे उभारणे, हा दुसरा उपाय. ती जणू न वाळणारी फांदीच होय.

समारोप

या सर्व विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. मजबूत गाडी किंवा सुरक्षेचा पट्टा मुख्यतः ज्याच्याकडे असतो त्याचे रक्षण करतो. निरोपाचे यंत्र तसे नाही. ते एकट्या वाहनात असून उपयोगाचे नाही; माझी सुरक्षितता माझ्या यंत्रावर जितकी, तितकीच माझ्या पुढच्या अनोळखी वाहनाच्या यंत्रावर अवलंबून असते. महागड्या मोटारींतच अशी यंत्रे बसली आणि ट्रक, बस व तिचाकी त्यांच्यावाचून राहिल्या, तर साखळी जागोजागी तुटेल आणि त्या तुटीचा फटका यंत्र विकत घेणाऱ्यालाही बसेल. फाशाचा खेळ आपल्याला हाच हिशेब शिकवतो. जो सायकलस्वार निरोप देऊ वा घेऊ शकत नाही, तोही त्याच धुक्यात असतो, हे तर कोणत्याही प्रतिमानाने विसरता कामा नये.

म्हणूनच यंत्रे येवोत वा न येवोत, धुक्यात वेग कमी करणे आणि बंद वाहनामागे खूण ठेवणे हे आपल्या हातचे निरोप आहेत. बादलीच्या रांगेतील आपली जागा आपण सोडू नये, एवढे तरी आज आपल्याला करता येईल.

स्वाध्याय

१. ‘यंत्रे निम्मी झाली, पण उपयोग निम्मा उरला नाही’ या विधानाचा अर्थ फाशाच्या डावातील आकड्यांच्या आधारे पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.
२. साथीचा प्रसार आणि निरोपाचा प्रसार यांतील एक साम्य व दोन फरक लिहा.
३. पाठात दिलेला खेळ दहा वेळा खेळा. प्रत्येक डावात निरोप किती मीटर गेला ते नोंदवा आणि सरासरी काढा. ती १३०० मीटरपेक्षा वेगळी आली, तर त्याचे कारण काय असेल?
४. आपल्या गावाजवळच्या रस्त्यावर चालक परस्परांना कोणत्या खुणांनी सूचना देतात, याचे निरीक्षण करून एक परिच्छेद लिहा.